वर धरण, खाली भात : महीपासून मेकाँगपर्यंत

सुरसागरकर (धागाकर्ता)

मंडळी, वडोदऱ्यात बसून भातशेतीवर धागा काढतोय म्हणून हसू नका. माझा शेतीशी संबंध ताटापुरता. पण धंद्यातल्या भागीदाराचं गाव महीपलीकडे, तारापूर तालुक्यात. दर जुलैत त्याचं एकच गाऱ्हाणं असतं : धरू (म्हणजे भाताची रोपं) तयार, शेत नांगरून पडलंय, आणि कॅनाल कोरडा. मग ऑगस्टच्या शेवटी, शेतात पावसाचंच पाणी तुंबलेलं असताना, 'नदीकाठच्या गावांनी सावध राहावे' असा निरोप येतो, कारण वरून दरवाजे उघडलेले असतात.

मला हे कोडं सुटत नाही. वर एवढं मोठं धरण असूनही गरज असते तेव्हा पाणी नाही आणि नको असतं तेव्हा लोंढा, हे कसं? मध्यंतरी व्हिएतनामच्या भाताबद्दल वाचलं, तिथेही वरच्या धरणांच्या नावाने ओरड आहे. हे सगळीकडचंच आहे, की आपल्याकडे फक्त कारभार ढिला? जाणकारांनी लिहावं. राजकारण नको.

कालवेकाका

आयुष्य पाटबंधाऱ्यात गेलं, आता निवृत्त आहे. कुठल्या कचेरीत होतो ते राहू द्या.

आधी नदी बघा. मही निघते मध्य प्रदेशात, धार जिल्ह्यात. तिथून उत्तरेकडे राजस्थानात बांसवाड्यापर्यंत जाते, मग वळते आणि नैऋत्येला गुजरातेत उतरून खंभातच्या आखाताला मिळते. या वळणापायी कर्कवृत्त दोनदा ओलांडते. वाटेत बांसवाड्याजवळ माही बजाज सागर, खाली गुजरातेत कडाणा (१९७९ सालचं), त्याच्याही खाली वणाकबोरीचा बंधारा. बंधारा कडाण्याच्या आधीचा, १९५० च्या दशकाच्या अखेरचा. त्यात साठा असा नाहीच, तो फक्त पाण्याची पातळी उचलून उजव्या कालव्यात वळवतो. हा कालवा खेडा-आणंद जिल्ह्यांतलं सुमारे दोन लाख हेक्टर क्षेत्र सांभाळतो. तुमच्या भागीदाराचं शेत त्याच्या शेवटाकडे.

आता जुलैचं. धरण भरतं सप्टेंबरात. लावणी असते जुलैत. म्हणजे यंदाच्या लावणीला कालव्यातून जे पाणी येतं ते यंदाच्या पावसाचं नसतंच, गेल्या वर्षीचं उरवलेलं असतं. मधल्या दहा महिन्यांत त्यातून रब्बीचा गहू झाला, तंबाखू झाली, उन्हाळी पिकं झाली, शहरांचं पिण्याचं गेलं, वणाकबोरीच्या औष्णिक वीजकेंद्राचं गेलं, बाष्पीभवन झालं. जूनअखेरीस तळाला राहील ते भाताचं. पाऊस वेळेवर आला तर ही उधारी कोणाला कळतही नाही. तो लांबला की वरचा अधिकारी हात आखडता घेतो, कारण पुढे पाऊस होईलच याची लेखी हमी त्याला कोणी दिलेली नसते. मीही आखडता घेतलेला आहे, आणि त्या खुर्चीत पुन्हा बसवलंत तर पुन्हा घेईन.

ऑगस्ट-सप्टेंबरात गणित उलटं होतं. धरण भरत आलेलं असतं, वर बांसवाड्याला जोराचा पाऊस होतो, तिथले दरवाजे उघडतात, ते पाणी कडाण्यावर येतं. तेव्हा कडाण्याला आधी धरणाची भिंत सांभाळायची असते, शेत नंतर.

आडवातिडवा

काका, मान आहे, पण एक विचारतो. धरण नसतं तर तारापूरला भात असतं का? कालव्याआधी त्या भागात बाजरी आणि कोरडवाहू पिकं होती. धरणाच्या पाण्यावर भात करायला शिकायचं, तांदूळगिरण्या उभ्या करायच्या आणि मग धरणालाच शिव्या द्यायच्या! आमच्या घरी याला खाल्ल्या मिठाला न जागणं म्हणतात.

चरोतरची_सून

आडवातिडवा, शिव्या कोणी दिल्या? पण तुमचं अर्ध बरोबर आहे म्हणून उत्तर देते. मी माहेरची दांडिया बाजारातली, सासर आणंद जिल्ह्यात. सासरे सांगतात, कालवा आला तेव्हा गावाने नारळ फोडले होते. आमच्याकडे गुर्जरी आणि जीआर-११ ही वाणं घराघरांत बोलली जातात, नवागामचं भात संशोधन केंद्र खेडा जिल्ह्यातच. कालवा नसता तर ते केंद्र तिथे शोभलंही नसतं.

पण ऐका, भाताचं काय असतं. रोप साधारण तीन आठवड्यांचं झालं की लावायचं. पाणी आलं नाही म्हणून ते गादीवाफ्यातच पाच-सहा आठवड्यांचं झालं, तर पुढे कितीही पाणी द्या, फुटवे कमीच येतात. चिखलणीला लागतं तेवढं पाणी तर एकदम लागतं, आज थोडं उद्या थोडं असं चालत नाही. मग पोटरीत आल्यापासून फुलोऱ्यापर्यंत शेत सुकून चालत नाही. तेव्हा आठवडाभर ताण पडला तर लोंबी बाहेर येते पण दाणा पोचट. म्हणजे हंगामाचं एकूण पाणी कागदावर पूर्ण मिळालेलं असतं आणि खळ्यावर पोती कमी भरतात. सरकारी तक्त्यात हे कुठल्या रकान्यात लिहितात ते मला अजून कोणी दाखवलेलं नाही.

आणि टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला असणं म्हणजे काय ते वेगळंच. वरच्या गावांची पाळी संपेपर्यंत आमच्याकडे उरलंसुरलं येतं, तेही रात्री. नवरा आणि दीर कंदील... म्हणजे आता मोबाइलची बॅटरी घेऊन बसतात, कारण डोळा लागला तर शेजारचा बांध फोडतो. शेजारी दिवसा आमच्याच ओट्यावर चहा पितो, तो भाग सोडा.

सुरसागरकर

ताई, हे नेमकं हवं होतं. म्हणजे प्रश्न 'किती' पेक्षा 'केव्हा'चा आहे.

खारेपाटी

'केव्हा' आणि 'कुठे'. मी पेणचा, नोकरीमुळे मकरपुऱ्यात राहतो. आमच्या खारेपाटात भाताचा शत्रू वरून येत नाही, समुद्रातून येतो. त्यामुळे मी नदी उलट्या बाजूने बघतो.

नदीच्या मुखाशी दोन पाण्यांची रेटारेटी चाललेली असते. वरून गोडं पाणी खाली ढकलतं, खालून भरतीचं खारं पाणी वर चढतं. वर धरण आणि त्याखाली बंधारा झाला की पावसाळा संपल्यावर नदीत खाली फारसं काही उतरत नाही, कारण बंधाऱ्यापासूनचं सगळं पाणी कालव्यात. मग खाऱ्याला अडवायला कोण? खंभातच्या आखाताची भरती देशातल्या सगळ्यात मोठ्या भरतींपैकी आहे. पादरा-जंबुसर बाजूला महीच्या खालच्या टप्प्यात जाऊन विहिरींचं पाणी चाखा, मी काय म्हणतो ते जिभेलाच कळेल.

भाताला खारं पाणी दोन वेळा फार बाधतं. एकदा रोप लहान असताना, एकदा फुलोऱ्यात. मधल्या काळात ते बरंच सोसतं. म्हणून कोकणात आम्ही काय करतो, पहिला मोठा पाऊस जमिनीतलं मीठ धुऊन नेईपर्यंत लावणी करत नाही, आणि उधाणाचं पाणी आत येऊ नये म्हणून बांध जपतो. बांधाला खांड पडली की त्या शेताची पुढची दोन-तीन वर्षं गेली समजा. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, २, ३ अशी मीठ सोसणारी वाणं दिली, त्यांनी बराच हात दिला. पण वाण मीठ सोसतं म्हणजे मीठ खाऊन वाढतं असं नव्हे. धुवायला गोडं पाणी लागतंच.

सिंधरोटला चेकडॅमवर रविवारी भजी खायला जाणारे वडोदरेकर इथे बरेच असतील. त्या अडवलेल्या गोड्या पाण्याच्या खाली नदीची काय दशा आहे ते एकदा ओहोटीला बघून या.

आडवातिडवा

म्हणजे तारापूरला धरण पाणी देतं आणि मुखाशी तेच धरण पाणी हिरावतं. एकाच नदीवर दोन वेगळी 'खाली'. पटलं. पण मुखाशी भात किती आहे हो?

खारेपाटी

महीच्या मुखाशी फारसं नाही, कापूस-ज्वारी जास्त. म्हणून तर इथे ओरड ऐकू येत नाही. जिथे मुखाशीच देशाचं भात आहे तिथलं काय ते कोणी पाहिलेलं असेल तर लिहा.

नवनाग

लिहितो. कंपनीने मला काही वर्षं व्हिएतनामला, मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात कँथोला ठेवलं होतं. तिथे या नदीला 'नऊ ड्रॅगनांची नदी' म्हणतात, त्यावरून ड्रॅगनचा नाग करून हे नाव घेतलं.

आधी आकार. हा त्रिभुज प्रदेश सुमारे ४०,००० चौरस किलोमीटर. देशाचं निम्म्याहून जास्त भात इथे पिकतं आणि निर्यातीचा तर बहुतेक सगळा तांदूळ इथला. जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम मीटरभर उंच. नदी तिबेटच्या पठारावरून निघते, चीनमध्ये तिचं नाव लानत्सांग. चीनने मुख्य प्रवाहावर ओळीने दहाहून जास्त मोठी धरणं बांधली, त्यांतली श्याओवान आणि नुओझादू ही दोन महाकाय, साठ्याचा मोठा वाटा त्यांच्यातच. खाली लाओसमध्ये सायाबुरी आणि डॉन साहोंग झाली, शिवाय उपनद्यांवर कितीतरी.

आता गंमत बघा. ही धरणं विजेसाठी आहेत, कालव्यांसाठी नाहीत. म्हणजे पाणी कोणी पीत नाही, आज ना उद्या खाली सोडतातच. पावसाळ्यात साठवतात, उन्हाळ्यात वीज काढताना सोडतात. हिशेबाने उन्हाळ्यात खालचं पाणी वाढायला हवं, म्हणजे खारं पाणी मागे हटायला हवं. काही वर्षी ते होतंही. तरी २०१५-१६ आणि २०१९-२० या दोन हंगामांत खारं पाणी इतकं आत आलं की भात उभं जळलं. २०१६ मध्ये काही फाट्यांमधून ते ९० किलोमीटर आत शिरलं होतं. त्या मार्चमध्ये चीनने जिंगहोंग धरणातून तातडीचं पाणी सोडलं, त्याच्या बातम्या आल्या, आभार मानले गेले. २०२० मध्ये बेन चे धरून पाच प्रांतांनी आणीबाणी जाहीर केली.

का? एक तर एल निन्यो, पाऊसच कमी. त्याचं खापर धरणांवर फोडणं बरोबर नाही. पण कोरड्या वर्षीच वरचा साठवणारा आणखी घट्ट धरतो, काकांनी वर लिहिलं तसंच. दुसरं, पूर. कंबोडियात तोनले साप नावाचं मोठं सरोवर आहे. पावसाळ्यात मेकाँग इतकी फुगते की सरोवरातून नदीकडे येणारा प्रवाह उलटा फिरतो आणि सरोवर भरतं. पाऊस ओसरला की तेच पाणी हळूहळू परत येऊन डिसेंबर-जानेवारीत त्रिभुज प्रदेशाला गोडं ठेवतं. निसर्गाचं फुकटचं धरण. वर पूरच कापला गेला की हे भरत नाही. २०१९ मध्ये प्रवाह उलटा फिरायलाच उशीर झाला, आणि पुढच्या उन्हाळ्यात खाली आणीबाणी.

तिसरं सगळ्यात वाईट, आणि ते डोळ्यांना दिसत नाही : गाळ. पूर्वी ही नदी वर्षाला सुमारे १६ कोटी टन गाळ आणते असा अंदाज धरत. आता त्यातला निम्म्याहून जास्त वरच अडतो. शेतात बसणारी ती पातळ साय गेली की शेतकरी खताची पोती वाढवतो. शिवाय बिनगाळाचं पाणी तळ खरवडतं, त्यात बांधकामासाठी वाळूउपसा बेसुमार. नदीचा तळ खोल गेला की भरतीला आत यायला वाटच मोकळी. आणि उन्हाळ्यात गोडं पाणी नाही म्हणून लोक बोअर मारतात, त्याने जमीनच दरवर्षी सेंटीमीटरच्या मापाने खचते.

हे सगळं चीनच्या माथी मारून मोकळं होता येत नाही, हे तिथले जाणते लोकही म्हणतात. आन यांगसारख्या प्रांतांत वर्षाला तीन पिकं घ्यायची म्हणून सरकारनेच उंच बांध घातले, म्हणजे जो थोडा गाळ येतो तोही शेतात शिरत नाही.

चरोतरची_सून

मग ते लोक करतात काय?

नवनाग

२०१६ ला भाजल्यावर २०१९-२० ला किनाऱ्याकडच्या प्रांतांनी हिवाळी पेरणी आधी उरकली, ऑक्टोबरात. खारं पाणी यायच्या आत भात फुलोरा ओलांडून गेलं. दुष्काळ मोठा असून भाताचं नुकसान २०१६ पेक्षा कमी झालं. मला हा सगळ्यात शहाणपणाचा उपाय वाटला, कारण त्यात सिमेंट नाही. दुसरीकडे सिमेंटही आहे : काई लॉन आणि काई बे नद्यांवर भल्यामोठ्या झडपा बसवल्या, २०२२ ला सुरू झाल्या. आणि किनाऱ्यालगत पावसाळ्यात भात, उन्हाळ्यात त्याच शेतात खाऱ्या पाण्यात कोळंबी. ज्यांना जमलं त्यांचे बंगले झाले. ज्यांच्या कोळंबीला रोग लागला ते सायगॉनला कारखान्यात गेले.

मेकाँग आयोग १९९५ पासून आहे. त्यात लाओस, थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम. ज्याच्या हातात वरचा नळ तो चीन सभासद नाही, नुसता संवादापुरता.

कालवेकाका

नवनागांनी फार छान लिहिलं. आपल्याकडे निदान एका देशातली राज्यं आहेत, लवाद आहेत. पण गाठी तशाच. १९६६ साली गुजरात आणि राजस्थानचा महीबद्दल करार झाला. बांसवाड्याच्या धरणाच्या खर्चाचा ५५ टक्के वाटा गुजरातने उचलायचा, त्या बदल्यात ४० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी घ्यायचं. त्यात एक कलम असं की नर्मदेचं पाणी खेडा जिल्ह्याला पोचलं की हे पाणी राजस्थानने वापरायचं. आता नर्मदेचा मुख्य कालवा महीला ओलांडून कधीच पुढे गेला आहे, राजस्थानातल्या जालोर-बाडमेरपर्यंत. त्यामुळे तिकडचे लोक अधूनमधून विचारतात, आमचं पाणी कधी? इकडचे म्हणतात, खेडा जिल्ह्याच्या सगळ्या शेतांना नर्मदा कुठे पोचली? 'पोचलं' म्हणजे नक्की काय, यावर दोन्ही बाजूंचे वकील आरामात म्हातारे होतील. तारापूरच्या भाताचं भवितव्य त्या एका कलमातही आहे, हे तुमच्या भागीदाराला सांगा.

चांदोदकर

नर्मदेचा विषय निघालाच आहे तर. आमचं गाव नदीकाठी, डभोई तालुक्यात. सरदार सरोवराच्या कालव्याने डभोई भागात भात वाढलं, हे मान्य. पण सप्टेंबर २०२३ मध्ये वरून एकदम पाणी सोडलं तेव्हा काठावरची केळी, कापूस, ऊस सगळं आडवं झालं. आणि उन्हाळ्यात उलटं. नर्मदा लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात २८ दशलक्ष एकर-फूट पाण्याची चार राज्यांत वाटणी झाली, गुजरातच्या वाट्याला ९. धरणाखालच्या नदीसाठी मात्र पुढे ६०० क्युसेक (सेकंदाला ६०० घनफूट) सोडायचं ठरलं. भरूचच्या मच्छीमारांना आणि काठच्या शेतकऱ्यांना विचारा ते पुरतं का. आता खारं पाणी रोखायला भाडभूतला बराज (दरवाजांचा बंधारा) बांधताहेत. म्हणजे धरणाने झालेल्या दुखण्यावर आणखी एक धरण.

आडवातिडवा

चांदोदकर, तो बराज झाला तर गोडं पाणी अडेल, वाईट काय त्यात?

चांदोदकर

शेतकऱ्याला चांगलंच असेल. हिल्सा मासा समुद्रातून नदीत अंडी घालायला वर येतो, त्याला कोण विचारणार? एकाच बांधाचे दोन हिशेब असतात, एवढंच म्हणतोय.

खारेपाटी

आणि एक उलटं उदाहरण, म्हणजे धागा अगदीच रडका व्हायला नको. कोयनेचं पाणी वीज करून सह्याद्रीच्या पश्चिमेला सोडतात, कृष्णा लवादाने ठरवलेली मर्यादा ६७.५ टीएमसी. ते वाशिष्ठीत येतं. त्यामुळे चिपळूणखालची वाशिष्ठी उन्हाळ्यातही वाहती राहते, कोकणातल्या बाकीच्या नद्या तेव्हा डबक्यांवर आलेल्या असतात. तिथे धरणाने खाऱ्याला मागे रेटलं. अर्थात तेच पाणी कृष्णेच्या खोऱ्यातून वजा झालं.

सुरसागरकर

एक कबूल करावंसं वाटतं, माझं एकट्याचं नाही, आपल्या सगळ्या शहराचं. काकांनी वर 'शहरांचं पिण्याचं गेलं' असं एका शब्दात उरकलं. वडोदऱ्याला आजवा सरोवर आहे, सयाजीरावांनी बांधलेलं, पण ते केव्हाच पुरेनासं झालं. आज आपल्या नळाला येतं त्यातलं बरंच पाणी महीच्या पात्रातल्या फ्रेंच वेलचं (वाळूतून पाणी ओढणाऱ्या मोठ्या विहिरी) : फाजलपूर, रायका, दोडका, पोइचा. नदी वाहती राहिली तर त्या विहिरी भरतात. म्हणजे उन्हाळ्यात वरून नदीत पाणी सोडा म्हणणाऱ्यांत आपण पहिले, आणि आपण मागितलं की मिळतं. भागीदाराची जुलैची चिखलणी आणि माझी मे महिन्यातली आंघोळ एकाच साठ्यातली निघाली. त्याला अजून सांगितलेलं नाही.

आडवातिडवा

सांगू नका. भागीदारी मोडेल.

कालवेकाका

पिण्याच्या पाण्याला पहिला मान सगळ्या जलनीतींत आहे, त्यात शरम वाटण्यासारखं काही नाही. पण शहराने गळती आणि सांडपाण्याचा फेरवापर याकडे बघितलं तर कडाण्यात जूनला दोन बोटं पाणी जास्त राहील, इतकं तर म्हणू शकतो.

आणि भात करणाऱ्यांनीही बघावं. महीच्या उजव्या कालव्याखाली मातर, तारापूर, खंभात तालुक्यांत पाणी तुंबून बिघडलेली जमीन बरीच आहे. अस्तर नसलेल्या कालव्यांची झिरप, निचऱ्याचे चर बुजलेले, वर वर्षानुवर्षं शेत तुडुंब ठेवायची सवय. भूजल वर आलं, मीठ वर आलं. मग अशा जमिनीत दुसरं काही येत नाही म्हणून पुन्हा भातच. धरणाने पाणी कमी दिल्याचं दुःख सगळे सांगतात, जास्त दिल्याचं कोणी सांगत नाही, कारण कालव्याची वरची गावं इथे लिहायला येत नाहीत.

चरोतरची_सून

काका, तुमचा शेवटचा टोला वरच्या गावांना पोचवते, माझी नणंद तिकडेच दिली आहे.

आमच्यापुरतं सांगते. यंदा गावच्या पियत मंडळीत (पाणीवापर संस्थेत) ठरलंय की पाळी टेलकडून सुरू करायची मागणी लेखी द्यायची. मंजूर होईल न होईल. आणि आम्ही घरी धरू दोन टप्प्यांत टाकणार, अर्ध बोअरच्या पाण्यावर आधी, अर्ध नंतर. म्हणजे कॅनाल लांबला तरी निदान निम्मी रोपं कोवळी राहतील. नवनाग, त्या आधीच्या पेरणीला तिकडे किती दिवसांचं वाण वापरत होते ते आठवत असेल तर सांगा, नवागामला विचारून बघता येईल.

नवनाग

ताई, तिकडे बहुतेक वाणं ९० ते १०० दिवसांची, कमी मुदतीची. पण ती हिवाळ्याच्या उघड्या उन्हात येतात आणि बहुधा पेरूनच, लावणी न करता. तुमच्या ढगाळ ऑगस्टात तसंच फळेल असं समजू नका. नवागामला आधी विचाराच.

सुरसागरकर

ताई, ती टेलकडून पाळीची मागणी कशी लिहिली त्याचा मसुदा इथे टाकाल का? गुजरातीत असला तरी चालेल. भागीदाराच्या गावातही मंडळी आहे, पण तिची बैठक कधी होते ते गावात कोणालाच माहीत नाही.